महाराष्ट्रातील न्यायालये आणि खटल्यांची ऑनलाइन माहिती

अमेरिकेत संघराज्याची न्यायालये वेगळी आणि राज्यांची वेगळी असतात. भारतात तसे नाही. कायदा केंद्राचा असो वा राज्याचा, दावा एकाच उतरंडीतून वर जातो. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर (बहुधा तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी), त्यांच्यावर वरिष्ठ स्तर, मग जिल्हा व सत्र न्यायालय आणि माथ्यावर १८६२ साली स्थापन झालेले मुंबई उच्च न्यायालय. गोवाही याच उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येतो. नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोव्यात पर्वरी येथे त्याची खंडपीठे आहेत; ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सर्किट बेंचही (फिरते पीठ) बसते.

जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणे ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळावर आणि त्याच्या मोबाइल ॲपवर दिसतात. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो: राज्य व जिल्ह्याची चार अक्षरे, न्यायालयाचे दोन अंक, अनुक्रमाचे सहा आणि वर्षाचे चार. तो हाताशी असला की प्रकरणाबद्दल बाकी काही विचारले जात नाही. नसेल तर पक्षकार किंवा वकिलाचे नाव, दाव्याचा क्रमांक वा गुन्हा नोंद क्रमांक देऊन शोधता येते. नावाने शोधणे सर्वांत बेभरवशाचे, कारण रोमन लिपीत एकच आडनाव कारकुनागणिक वेगळे लिहिले जाते. अर्धेच नाव टाकून पाहणे बरे. उच्च न्यायालयाचा शोध त्याच्या स्वतंत्र संकेतस्थळावर होतो. तिथे आधी योग्य पीठ आणि मुंबईच्या बाबतीत मूळ शाखा (जिथे दावे थेट दाखल होतात) की अपील शाखा हे निवडावे लागते. तेच चुकले तर चालू प्रकरणही सापडत नाही.

पडद्यावर पुढची तारीख, प्रकरणाचा टप्पा, मागच्या तारखांची जंत्री आणि अपलोड झालेले आदेश मिळतात. दिवसाच्या कामाची यादी, म्हणजे वकिलांच्या भाषेत ‘बोर्ड’, हीदेखील असते. टप्पा मात्र ‘अवेटिंग समन्स’, ‘एव्हिडन्स’ अशा इंग्रजी ठोकळ्यांत येतो. समन्स का बजावले गेले नाही, बेलिफाने (समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्याने) काय शेरा मारला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मूळ फाइलच पाहावी लागते. डाउनलोड केलेला आदेश वाचण्यापुरता ठीक. अपिलाला जोडण्यासाठी नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत काढतात. तहसीलदार किंवा प्रांतांपुढची फेरफाराची प्रकरणे महसुली असल्याने ती ई-कोर्ट्सवर शोधून उपयोग नसतो.