सात इंचांची दोन नावे

एका हातात मावतो तो मोबाइल, दोन्ही हातांनी धरावा लागतो तो टॅब आणि मांडीवर उघडावा लागतो तो लॅपटॉप, अशी ढोबळ वर्गवारी आज लातूर-परभणीकडे सर्रास केली जाते. ही नावे निव्वळ आकारावरून पडली असावीत असे वाटते. पण ती घडली आहेत वजन, बॅटरी, कळफलक आणि विकणाऱ्याची सोय यांतून.

१९८१ साली आलेला ‘ओसबोर्न १’ हा संगणक सुमारे ११ किलोंचा होता, त्याचा पडदा जेमतेम ५ इंचांचा होता आणि मूळ यंत्रात बॅटरीही नव्हती. तरीही मूठ धरून उचलता येतो एवढ्यावर तो वाहून नेण्याजोगा ठरला. ‘पाम’ कंपनीच्या ‘पायलट’ या हातात मावणाऱ्या संगणकाची कसोटी मात्र सदऱ्याचा खिसा ही होती. १९९६ मध्ये ते यंत्र बाजारात येण्यापूर्वी त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन वावरत असत.

खरा घोळ झाला तो सात इंचांपाशी. २००७ च्या अखेरीस आलेल्या आसुसच्या ‘ई-पीसी’चा पडदा ७ इंचांचा, ८०० बाय ४८० बिंदूंचा होता, ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी सादर झालेल्या ‘आकाश’चा पडदाही नेमका तेवढाच होता. पहिल्याला नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, म्हटले गेले, दुसऱ्याला टॅबलेट. कारण एकाला कळफलक आणि बिजागरी होती, दुसऱ्याला नव्हती. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी फोन व लॅपटॉप यांच्यामधल्या तिसऱ्या वर्गाची अट सांगितली होती: काही कामे तरी त्याने या दोहोंपेक्षा चांगली केली पाहिजेत. त्याच वर्षी त्यांनी सात इंची टॅबलेटला नावे ठेवली. २०१२ मध्ये त्यांच्याच कंपनीने ७.९ इंचांचा आयपॅड काढला. यात वाटते तेवढी विसंगती नाही. इंच कर्णावर मोजले जातात, त्यामुळे लांबट ७ इंची पडद्यापेक्षा हा चौकोनी पडदा क्षेत्रफळाने सुमारे ४० टक्के मोठा भरतो. दुकानातल्या पाटीवर मात्र फक्त इंचच लिहिलेले असतात.

मराठवाड्यात या वर्गांचा क्रम उलटा लागला. भारनियमनाच्या वर्षांत टेबलावरचा संगणक यूपीएसच्या जिवावर थोडा वेळ तग धरी, आणि बहुतेक घरांत तर तो आलाच नाही; पहिला संगणक आला तो खिशातून, मोबाइलच्या रूपाने. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या, शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करण्याच्या ई-पीक पाहणीने तो बांधावर नेला, कारण सोयाबीनचे छायाचित्र शेताच्या अक्षांश-रेखांशांसह काढायचे तर लॅपटॉप कितीही ताकदवान असला तरी निरुपयोगीच. टॅब हे इथे प्रामुख्याने अभ्यासाचे साधन मानले जाते. ‘महाज्योती’ या राज्य शासनाच्या संस्थेने नीट-जेईईची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब दिले आणि लातूरसारख्या शिकवण्यांच्या शहरात ही ओळख अधिकच पक्की झाली.

टेबलावरचा संगणक उरला तो महा-ई-सेवा केंद्रात. सातबाऱ्याची मांडणी अजूनही कागदाच्या रुंदीची आहे. लांबट पण अरुंद मोबाइलवर तो उघडला की रकाने बोटाने डावी-उजवीकडे सरकवावे लागतात, आणि मग शेतकरी त्याची प्रत काढायला तालुक्याला जातो.