मालदांडी, मिलो आणि रेशनचा गहू

रसायनं कमी करा, देशी बियाणं राखा, पिकवणाऱ्याला पुरेल आणि खाणाऱ्याला परवडेल असा भाव ठरवा, अशा मागण्या घेऊन जगभरातली तरुण मुलं-मुली गेली काही वर्षं ‘ॲग्रोइकॉलॉजी’च्या, म्हणजे निसर्गाच्या कलाने करायच्या शेतीच्या नावाने एकत्र येत आहेत. सोलापुरात हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “यात नवीन काय, आमचा आजा हेच करत होता.” बरोबर आहे. पण आज्याची ज्वारी कोण विकत घेत होतं, हे कुणी सांगत नाही. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आधी आज्याचं बघू. इथला पाऊस लहरी, त्यातला बराचसा सप्टेंबरात पडणारा. म्हणून उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरायचं आणि पुढे काळ्या रानात मुरलेल्या पाण्यावरच पीक काढायचं, ही मंगळवेढा-मोहोळकडची रीत. थंडीत जमीन भेगाळायला लागली की ओळींमध्ये कोळपं, म्हणजे माती हलवणारं औजार, घालायचं. भेगा बुजतात, ओल उडत नाही. “एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी” असं म्हणतात ते त्यामुळेच. ज्वारीत करडईच्या काकऱ्या टाकायच्या, म्हणजे तेलाची सोय होते आणि काटेरी करडईमुळे जनावर आत शिरत नाही. दाणा माणसाला, कडबा बैलाला, शेण परत रानाला. 1930च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडी या स्थानिक ज्वारीतूनच निवड करून ‘एम 35-1’ हे वाण काढलं गेलं. ते आजही पेरलं जातं. 1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र उभं राहिलं. म्हणजे सरकारी शास्त्राने इथे सुरुवात केली ती शेतकऱ्याच्याच बियाण्यावर.

योगायोग असा की ‘ॲग्रोइकॉलॉजी’ हा शब्दही त्याच सुमाराचा. बासिल बेन्सिन या रशियन कृषितज्ज्ञाने तो 1928मध्ये वापरला. पण त्याला चळवळीचं बळ आलं लॅटिन अमेरिकेत. ग्वाटेमाला, मेक्सिको, निकाराग्वा इथले छोटे शेतकरी 1970-80च्या दशकांत एकमेकांच्या रानात जाऊन शिकू-शिकवू लागले. 1993मध्ये ‘ला व्हिया कांपेसिना’ ही शेतकऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 1996मध्ये रोमच्या जागतिक अन्न परिषदेच्या वेळी तिने ‘अन्न सार्वभौमत्व’ ही मागणी मांडली: पोट भरणं पुरेसं नाही, काय पिकवायचं आणि काय खायचं हे लोकांनी ठरवायचं. 2004मध्ये ब्राझीलमधल्या इताइसी इथे या संघटनेच्या तरुणांची पहिली स्वतंत्र सभा भरली. 2007मध्ये मालीतल्या न्येलेनी परिषदेत ही भूमिका जाहीरनाम्यात आली, आणि 2018च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी शेतकरी व ग्रामीण श्रमिकांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. कागदावर बरंच झालं म्हणायचं.

सोलापूर मात्र मधल्या काळात उलट्या दिशेने गेलं, आणि त्यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. 1972च्या दुष्काळात ज्वारीच्या या मुलखाने अमेरिकेतून आलेली लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खाल्ली. त्या पिढीतली माणसं सुकडी (दुष्काळात वाटलेला कोरडा खाऊ) आणि मिलोचं नाव काढलं तरी अजून तोंड वाकडं करतात. जिथल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लुटवली अशी कथा घरोघरी सांगतात, त्याच मंगळवेढ्याच्या जिल्ह्यात ही वेळ आली! पुढे 1980च्या सुमारास उजनी धरण पुरं झालं, कालव्याला पाणी आलं आणि ऊस वाढला. उसाला कारखाना आहे, दर ठरलेला आहे, बिल उशिरा का होईना येतं. ज्वारीला काय आहे? काढणीला माणूस मिळत नाही. रब्बीची ज्वारी अजूनही बरीचशी हाताने उपटावी लागते, तळहात सोलून निघतात.

त्यात रेशन गहू-तांदळाचं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य 1 रुपया किलोने देण्याची तरतूद केली गेली, 2023पासून तर रेशनचं धान्य मोफत झालं, तरी दुकानात बहुतेक वेळा मिळतो गहू आणि तांदूळच. मुलं जे लहानपणापासून खातात तेच पुढे मागतात. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जहीराबाद भागात यावर तोडगा निघाला होता. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीत संघटित झालेल्या दलित स्त्रियांनी 1990च्या दशकात पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या आणि तिथली ज्वारी गावातल्याच गरिबांना स्वस्तात वाटण्याची स्वतःची रेशनव्यवस्था उभी केली. आपण मात्र त्या रस्त्याने हैदराबादला बिर्याणी खायला जातो.

आजच्या तरुणांपुढे ही सगळी शिदोरी आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, बचत गटांच्या कडक भाकरी पुण्या-मुंबईला जातात, हुरडा पार्ट्यांना गाड्यांची रांग लागते. चांगलंच आहे, पण हुरड्याचा पैसा रस्त्याकडेच्या शेतात थांबतो. आतल्या रानातल्या ज्वारीला खात्रीचा खरेदीदार लागतो. आणि घाईही नडते: श्रीलंकेने 2021मध्ये रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली, पीक घटलं, वर्ष संपायच्या आत माघार घ्यावी लागली. जमीन अशी हुकमाने वळत नाही, दोन-चार हंगाम उत्पन्न कमी येतं आणि तो तोटा कुणीतरी सोसावा लागतो.

सोसायचा कुणी, हा प्रश्न आला की सातबारा काढावा लागतो. रानात राबणाऱ्या तरुणाच्या घरी उतारा बहुधा वडिलांच्या नावावर असतो, त्यामुळे पीककर्ज काय आणि कुठलं बियाणं आणायचं काय, निर्णय वडिलांचाच. खुरपणी करणाऱ्या सुनेचं नाव तर त्यावर शोधूनही सापडत नाही. शेतकरी संघटनेने बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम काढली होती आणि 1992पासून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची सरकारी योजनाही आहे. तलाठी कार्यालयात तो अर्ज घेऊन किती घरं जातात, ते आपापल्या गावात विचारून बघावं.