व्हिसा लॉटरी लागली, आता मुलाखतीची फाईल
(अमेरिकेत कायम राहण्याचा व्हिसा सोडतीनं देणाऱ्या 'डायव्हर्सिटी व्हिसा' लॉटरीबद्दल ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दर मे महिन्यात आमच्याकडे दोन फोन हमखास येतात. पहिला : "लॉटरी लागल्याची ई-मेल आलीय, पैसे कुठे भरायचे?" दुसरा : "मी सोलापूरचा, मला नाव नोंदवता येईल का?" पहिल्याला आम्ही सांगतो, ती ई-मेल पुसून टाका. दुसऱ्याला विचारतो, वहिनींचा जन्म कुठला?

हे पत्रक या दोघांसाठी नाही. ज्यांचं नाव खरोखर निवडलं गेलंय आणि ज्यांना आता मुलाखतीची फाईल लावायची आहे, त्यांच्यासाठी आहे. तरीही आधी एक गोष्ट वाचा. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनं या लॉटरीचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणून मेडिकल, भाषांतर, विमानाचं तिकीट यांवर एक रुपयाही घालण्याआधी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर त्या दिवशीची स्थिती पाहा. आमच्याकडे आलात तर तुमच्यासमोर पान उघडून दाखवू. कागद जमवून ठेवायला मात्र कुणाची मनाई नाही. कुटुंबामार्फत होणाऱ्या स्थलांतराच्या फाईललाही यातले बहुतेक कागद लागतातच.

भारतीयांना चालत नाही ना? मग आम्हाला कसं चाललं?

ही लॉटरी अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यातून आली. वर्षाला ५५,००० पर्यंत व्हिसा, आणि तेही ज्या देशांतून अमेरिकेत कमी लोक जातात अशा देशांच्या लोकांना. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून ५०,००० हून जास्त लोक स्थलांतरित झाले, तो देश बाद. भारत त्यात येतो. पण इथे 'देश' म्हणजे जन्माचा देश, पासपोर्टाचा नव्हे. बाबा मस्कतला नोकरीला होते आणि तुमचा जन्म तिथल्या इस्पितळात झाला, तर तुमचं पासपोर्ट ठाण्याचं असलं तरी या लॉटरीच्या हिशेबात तुम्ही ओमानचे. कुवेत, बहारीन, दुबई, नैरोबी इथे जन्मलेल्यांचंही तेच. आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फाईलमागे अशीच आखाताची गोष्ट असते.

दुसरा रस्ता जोडीदाराचा. नवरा सांगलीचा, बायको कुवेतमध्ये जन्मलेली, तर नवरा तिच्या जन्मदेशावर अर्ज करू शकतो. मात्र मग दोघांनाही व्हिसा मिळायला हवा आणि दोघांनी अमेरिकेत एकत्रच उतरायला हवं. "मी आधी जाऊन घर बघतो, ती मागून येईल" हे अशा फाईलमध्ये जमत नाही.

जाता जाता एक. अमेरिकेत एच-वन-बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असलेली आणि ग्रीन कार्डाच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) भारतीय रांगेत वर्षानुवर्षं अडकलेली मराठी मंडळी आम्हाला फोन करतात. जोडीदाराचा जन्म आखातातला असेल, तर नोकरीच्या रांगेतही त्याच्या जन्मदेशाचा आधार घेता येतो. तुमच्या तिथल्या वकिलाला हे जरूर विचारा.

'लागली' म्हणजे काय मिळालं?

मिळाला तो एक केस नंबर, म्हणजे रांगेतली जागा. व्हिसा अजून मिळालेला नाही. अलीकडच्या वर्षांत निवड लाखाहून जास्त लोकांची होते आणि व्हिसा ५५,००० पर्यंतच असतात. आशियाच्या नंबरात 'एएस' ही अक्षरं असतात, आफ्रिकेच्या नंबरात 'एएफ'. तुमचा नंबर कधी पुढे येतो ते परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये दिसतं. निकाल बघायची जागा एकच : लॉटरीची सरकारी साइट, तुमचा कन्फर्मेशन नंबर (अर्ज भरताना मिळालेला) टाकून. 'अभिनंदन, तुमची निवड झाली, पैसे पाठवा' अशी ई-मेल सरकार कुणालाही पाठवत नाही. तो कन्फर्मेशन नंबर स्वतःजवळ ठेवा. एजंटानं तो स्वतःकडे ठेवून निकालानंतर मोठी रक्कम मागितली, असे ग्राहक आमच्यासमोर बसून रडलेले आहेत. आम्हालाही तो देऊ नका. आम्हाला त्याची गरज नसते.

शेवटची तारीख ३० सप्टेंबर. तुमची लॉटरी ज्या अमेरिकन आर्थिक वर्षाची (ऑक्टोबर ते सप्टेंबर), त्याच्या ३० सप्टेंबरपर्यंत व्हिसा हातात पडला नाही, तर केस नंबर मेला. पुढच्या वर्षी तो चालत नाही आणि अपील नसतं. म्हणून पुढचं सगळं या तारखेपासून उलटं मोजत वाचा.

जन्माचा दाखला : अर्धी फाईल इथेच अडते

मस्कतला जन्मलेल्या एक ताई आमच्याकडे आल्या. हातात दोन दाखले. एक भारतीय दूतावासाचा, सुबक इंग्रजीत. दुसरा ओमानच्या आरोग्य मंत्रालयाचा, अरबीत, घड्या पडून फाटायला आलेला. त्यांनी दूतावासाचा पुढे केला आणि दुसरा पिशवीत ठेवला. आम्ही तो पिशवीतून बाहेर काढायला लावला. मुलाखतीला लागतो तो जन्म जिथे झाला त्या देशाच्या सरकारचा दाखला, ज्यावर आई आणि वडील दोघांचीही नावं आहेत. दूतावासात झालेली नोंद ही तुमच्या भारतीय नागरिकत्वासाठी होती. ती जोडायची, पण त्या दाखल्याच्या जागी नाही.

मग भाषांतर आलं. अरबीत 'प' नाही, त्यामुळे 'पाटील'चं 'बाटील' होतं. 'च' नाही, म्हणून 'चव्हाण' लिहिताना कारकुनानं काय केलं असेल ते देवालाच ठाऊक. भाषांतरकारानं ते इंग्रजीत परत आणलं की कागदावर कुणी अनोळखी माणूस उभा राहतो. ताईंच्या वडिलांचं नाव प्रकाश, दाखल्यात 'ब्राकाश'. हे भाषांतरात गुपचूप सुधारून घेऊ नका. भाषांतर मुळाबरहुकूमच हवं. त्यासोबत वडिलांचा पासपोर्ट, तेव्हाच्या रेसिडेन्सी व्हिसाचं पान आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र लावा. अधिकाऱ्यांना अरबी स्पेलिंगचा घोळ नवा नाही. त्यांना फक्त तो लपवलेला नको असतो.

ऑगस्ट १९९० मध्ये कुवेत सोडून आलेल्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा. घर, बँक, दाखले सगळं तिथेच राहिलं. अशांनी कुवेतमधल्या सरकारी नोंदीतून नवी प्रत मागवायची. तिला वेळ लागतो, म्हणून ते काम निकाल लागल्याच्या आठवड्यातच सुरू करा. कुठल्या देशाचा कुठला कागद, कुठल्या कार्यालयाचा चालतो याची देशवार यादी परराष्ट्र खात्याच्या रेसिप्रॉसिटी पानावर आहे. शेजाऱ्याचा सल्ला आणि ती यादी यात फरक पडला, तर यादी खरी.

जोडीदार इथेच जन्मलेला असेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, नावासकट. आमच्या पिढीच्या अनेकांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'पुत्र' किंवा 'कन्या' असतं. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंदच सापडत नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचं किंवा जवळच्या वडीलधाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, असं जोडून काम होतं.

लग्न, नावं आणि बायकांची दोन नावं

नोंदणीच्या विवाहाचं प्रमाणपत्र हवंच. पत्रिका आणि फोटोंचा अल्बम हे त्यासोबतचं. आपल्याकडे लग्नात बायकोचं आडनावच काय, कधीकधी नावही बदलतं. माहेरची सुनीता दिगंबर जोशी सासरी मृणाल संजय देशपांडे झालेली असते, आणि बारावीची गुणपत्रिका सुनीताच्या नावावर. राजपत्रातली नावबदलाची जाहिरात असेल तर सोनंच. नसेल तर विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं आहेत का ते बघा, नाहीतर प्रतिज्ञापत्र करू.

अर्ज भरला तेव्हा लग्न झालेलं असूनही जोडीदाराचं नाव टाकलं नसेल, किंवा २१ वर्षांखालचं अविवाहित मूल लिहायचं राहिलं असेल, तर ते मूल अमेरिकेला येणार नसलं तरी पूर्ण केस बाद होते. (ते मूल आधीच अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर गोष्ट वेगळी.) पहिल्या लग्नातली मुलंही यात आली. याला आम्ही काही करू शकत नाही, आणि "करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. अर्जानंतर लग्न झालं असेल तर जोडीदाराला जोडता येतं. मात्र प्रश्न जास्त येतात : कसं जमलं, कोण कोण हजर होतं, हळद कुठे लागली. खरं लग्न असेल तर याची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

शिक्षण

मूळ अर्जदाराचं बारा वर्षांचं शालेय शिक्षण पूर्ण झालेलं हवं. किंवा गेल्या पाच वर्षांत दोन वर्षं अशा कामाचा अनुभव हवा, ज्याला किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. आपल्याकडे बारावीची बोर्डाची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, दोन्ही मूळ. कॉलेजचा लिव्हिंग सर्टिफिकेट पुरत नाही. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांनी फी भरायच्या आधी आमच्याशी बोलावं. ही अट फक्त मूळ अर्जदाराला आहे, जोडीदाराला नाही.

पोलीस दाखला

वय १६ च्या पुढच्या प्रत्येकाला लागतो. भारतातला दाखला पासपोर्ट कार्यालयाचा पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट). नोकरीसाठी महाराष्ट्र पोलिसांकडून काढलेलं चारित्र्य प्रमाणपत्र वेगळं, ते इथे चालत नाही. दर दुसरा ग्राहक तेच घेऊन येतो. शिवाय १६ वर्षांनंतर ज्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिलात, तिथलाही. कॉलेजपर्यंत दुबईत असाल तर दुबईचा, मधे दोन वर्षं सिंगापूरला असाल तर सिंगापूरचा. कधी अटक झाली असेल तर केस मिटलेली असली तरी कोर्टाचे कागद आणा.

मेडिकल

फॅमिली डॉक्टरांचा दाखला चालत नाही. अमेरिकन दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरांकडेच जायचं, मुलाखतीच्या आधी. लसींचं लहानपणीचं कार्ड सापडलं तर न्या, नाहीतर काही लसी पुन्हा टोचतात. पंधरा वर्षांपुढच्यांच्या छातीचा एक्स-रे होतो. जुना टीबी झालेला असेल किंवा डाग दिसला, तर थुंकीचे नमुने घेऊन कल्चर लावतात आणि त्याचा निकाल यायला आठ आठवडे लागतात. ऑगस्टमधल्या मुलाखतीला हे परवडत नाही. घरात कुणाला पूर्वी टीबी झाला असेल तर आम्हाला पहिल्याच भेटीत सांगा, आम्ही तारखा त्या हिशेबानं लावू. डॉक्टरांनी सीलबंद पाकीट दिलं तर "आत काय आहे बघू" म्हणून फोडू नका.

पैसे

व्हिसाची फी माणशी ३३० डॉलर, लहान मुलालाही तेवढीच. ती मुलाखतीच्या दिवशी दूतावासातच भरायची आणि परत मिळत नाही. लॉटरीची नोंदणी वर्षानुवर्षं फुकट होती, २०२५ च्या नियमानं ती १ डॉलर झाली. व्हिसा मिळाल्यानंतरची ग्रीन कार्डाची फी सोडली, तर यापेक्षा जास्त 'सरकारी फी' सांगणारा खोटं बोलतोय. आमची फी आमच्या कामाची आहे, तिची पावती वेगळी मिळते.

तिकडे गेल्यावर सरकारवर ओझं होणार नाही, हे दाखवायला बँकेतली शिल्लक, पीएफ, घराचं मूल्यांकन, तिकडच्या नातेवाइकाचा आय-१३४ फॉर्म (आर्थिक आधाराची हमी) यांतलं जे असेल ते. मुलाखतीच्या आठवडाभर आधी मेव्हण्याकडून आलेले वीस लाख खात्यात अचानक दिसले तर त्याचाच प्रश्न येतो.

मुलाखतीचा दिवस

भारतात राहणाऱ्यांची मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात. मोबाईल आत नेता येत नाही, तो बरोबरच्या माणसाकडे द्या. प्रत्येक कागदाची मूळ प्रत आणि एक झेरॉक्स. फोटो दोन बाय दोन इंचाचे, सहा महिन्यांच्या आतले, चष्म्याशिवाय. डीएस-२६० फॉर्म (तुम्ही ऑनलाइन भरलेला व्हिसाचा अर्ज) आदल्या रात्री नवराबायकोनं एकत्र बसून वाचून काढा. तुम्ही त्यात काय लिहिलंय ते अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर आहे. तुमच्या तोंडून ते वेगळं निघालं की प्रश्न वाढतात.

खिडकीपाशी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घेतात, बोटांचे ठसे घेतात. मग बोलणं बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांचंच. इंग्रजी कच्चं असेल तर मराठीत किंवा हिंदीत बोलायची विनंती करा, तोडकं इंग्रजी बोलून उलटा अर्थ लागण्यापेक्षा ते बरं. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. कागद कमी पडला तर २२१-जी ची चिठ्ठी मिळते. तो कायमचा नकार नाही, पण ३० सप्टेंबर जवळ असेल तर ती चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी आमच्याकडे या, घरी जाऊन दुसऱ्या दिवशी नको.

पहिल्या भेटीला येताना जन्माचा मूळ दाखला, दोघांचे सगळे पासपोर्ट (रद्द झालेलेसुद्धा) आणि लॉटरीच्या अर्जाची प्रत, एवढंच आणा. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका, अरबी अक्षरांचे ठिपके त्यात दिसत नाहीत.