नर्सिंग होममधून बाहेर: डिस्चार्ज वेगळा, ट्रान्झिशन वेगळं

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं खासगी हॉस्पिटल आठवतं. अमेरिकेतली नर्सिंग होम्स निराळी. तिथे वृद्ध, अपंग माणसं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. तिथून बाहेर पडायची वेळ आली की दोन शब्द कानावर येतात, डिस्चार्ज आणि ट्रान्झिशन. माणूस दोन्हींत दाराबाहेर जातो, त्यामुळे घरचे ते एकच समजतात. इथेच फसगत होते.

डिस्चार्ज ही संस्थेची नोंद. खाट रिकामी झाली, फाइल बंद झाली. खुब्याच्या ऑपरेशननंतर काही आठवडे व्यायामासाठी आलेल्याला बहुधा एवढं पुरतं, कारण त्याचं घर जागेवर असतं आणि किल्ली खिशात. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्यविमा, अशा मुक्कामाचा खर्च एका लाभ-कालावधीत (दाखल झाल्यापासून मोजला जाणारा काळ) जास्तीत जास्त १०० दिवस देतो, त्यातही २१व्या दिवसापासून खर्चात रुग्णाचा वाटा सुरू होतो. मग निघायची घाई सगळ्यांनाच. डिस्चार्ज मनाविरुद्धही होऊ शकतो. तेव्हा साधारणपणे ३० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि अपील करता येतं.

ट्रान्झिशनची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून होते. राहणार कुठे, आंघोळीला मदत कोण करणार, रात्री पडलात तर हाक कोणाला मारणार? यांची उत्तरं जुळली की मग निघायची तारीख.

खरी गोम पैशांत आहे. मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेवर, दीर्घकाळ राहणाऱ्याचं जवळपास सगळं उत्पन्न नर्सिंग होमकडे जातं. हातखर्चाला उरतात किमान ३० डॉलर महिना. बहुतेक राज्यांत त्याहून जास्त. त्यातून केस कापायचे, फोनचं बिल भरायचं, आणि घराचं डिपॉझिट साठवायचं? आधीचं भाड्याचं घर तर केव्हाच सुटलेलं. तब्येत सुधारूनही माणूस तिथेच अडकतो तो असा. म्हणून बऱ्याच राज्यांत मेडिकेडमधून डिपॉझिट, वीजजोडणी, पलंग-भांडी, बाथरूममधला आधाराचा दांडा, दाराशी उतार असे खर्च एकदाच दिले जातात. दरमहाचं भाडं मात्र यात सहसा बसत नाही, आणि हे अनेकांना फार उशिरा कळतं.

यासाठीची मोठी योजना म्हणजे ‘मनी फॉलोज द पर्सन’. कायदा २००५चा. तेव्हा संस्थेत किमान सहा महिने काढलेले असावे लागत. २०१०मध्ये ती अट ९० दिवसांवर आली, २०२१पासून ६० दिवस पुरतात. नवं घर स्वतःचं, नातेवाइकांचं किंवा स्वतःच्या भाडेकराराचं चालतं. गटनिवास असेल तर नात्यात नसलेली जास्तीत जास्त चार माणसं. योजनेच्या सेवा ३६५ दिवस मिळतात. त्यामुळे माझ्या मते निघण्याआधी विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: ३६६व्या दिवशी मदतनीस कोण पाठवणार? सगळी राज्यं या योजनेत नाहीत, हेही आधी पाहून घ्यावं.

या सगळ्याला कायद्याचं बळ मिळालं १९९९च्या ओल्मस्टेड निकालातून. जॉर्जियातल्या दोन स्त्रियांना बाहेर राहता येईल असं डॉक्टरांनी सांगूनही मनोरुग्णालयातच ठेवलं होतं. विनाकारण संस्थेत डांबून ठेवणं हा भेदभाव आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. तोच आधार पुढे नर्सिंग होममधल्या रहिवाशांनाही मिळाला.

मागणी कुठे नोंदवायची? रहिवाशाची ठरावीक काळाने लेखी तपासणी होते. तिच्या ‘क्यू’ विभागात, बाहेर राहण्याबद्दल कोणाशी बोलायचं आहे का, असं विचारतात. उत्तर ‘हो’ असेल तर बाहेर राहण्याच्या सोयींची माहिती देणाऱ्या स्थानिक संपर्क संस्थेला नर्सिंग होमने कळवायचं असतं. पण शेजारी बसलेली मुलगीच बोलून जाते, ‘‘आता कुठे जाणार ती!’’ प्रश्न आईला असतो. तिला उत्तर देणं शक्यच नसेल तरच घरच्यांना विचारायचं. शिवाय ‘हो’ म्हटल्याने कोणी बॅग भरायला लावत नाही. माहिती ऐकून ‘मी इथेच बरी’ असं ती नंतरही सांगू शकते.