सकाळचा पहिला सेल्फ: जुने डिझेल इंजिन थंड असताना का अडते

रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या डिझेल गाडीला सकाळी सेल्फ मारला की इंजिन नुसतेच फिरत राहते. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला एखादा सिलिंडर पेटतो, गाडी थरथरते, मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि मिनिटभरात इंजिन सुरळीत चालू लागते. त्यानंतर दिवसभर तीच गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. हा दोष शोधणे कठीण जाते, कारण इंजिन खऱ्या अर्थाने थंड असण्याची अवस्था दिवसातून एकदाच मिळते आणि पहिल्या यशस्वी सेल्फबरोबर ती संपते. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा इंजिन तापलेले असते, पुरावा नाहीसा झालेला असतो, आणि मग अंदाजाने एकामागून एक भाग बदलले जातात. म्हणून सकाळचा पहिला सेल्फ हा एक प्रयोग आहे असे मानून त्याची तयारी आदल्या रात्रीच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये ज्या कल्पनेसाठी पेटंट मागितले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे जी यशस्वीपणे चालवून दाखवली, तिचे मर्म हेच होते की हवा पुरेशी दाबली तर ती स्वतःच इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. जुन्या, पूर्वकक्ष (सिलिंडरलगतची छोटी पोकळी, जिच्यात इंधन आधी फवारले जाते) असलेल्या इंजिनांत हवा साधारण वीस ते तेवीसपट दाबली जाते. शून्य अंश सेल्सिअसची हवा वीसपट दाबली आणि उष्णता मुळीच निसटली नाही, तर तिचे तापमान सुमारे ६३० अंशांपर्यंत चढेल. प्रत्यक्षात सिलिंडरच्या थंड भिंती उष्णता शोषून घेतात आणि थोडी हवा दट्ट्यावरील (पिस्टनवरील) रिंगांच्या फटींतून निसटते. वरचा आकडा ज्या सूत्रातून निघतो, त्यातील आदर्श घातांक १.४ ऐवजी (उष्णता जितकी निसटते तितका तो कमी धरतात) १.३ धरला, तर तापमान ४०० अंशांच्या किंचित खाली राहते. इंजिन हळू फिरत असेल, रिंगा झिजल्या असतील आणि घातांक १.२५ वर आला, तर ते जेमतेम ३०० अंशांवर येते. डिझेल स्वतःहून पेटण्याचे तापमान प्रयोगशाळेत साधारण २०० ते २५० अंशांच्या दरम्यान भरते. परंतु तेथे इंधनाला भरपूर वेळ मिळतो, तर इंजिनात त्या थेंबांना काही मिलिसेकंदांतच वाफ होऊन पेटायचे असते, म्हणून ३०० अंश ही काठावरची स्थिती ठरते.

याच आकडेमोडीतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती सहसा लक्षात घेतली जात नाही. दाबण्याची क्रिया सुरुवातीच्या तापमानातील फरकही वाढवून ठेवते. घातांक १.३ धरला तर बाहेरची हवा ३० अंशांनी थंड झाल्यावर दाबाच्या अखेरीचे तापमान ७० हून अधिक अंशांनी खाली येते. उन्हाळ्यात निमूटपणे चालणारी गाडी हिवाळ्यात अचानक अडते, तेव्हा बहुधा काही नवे मोडलेले नसते. आधीपासून असलेली उष्णतेची गळती त्या ७० अंशांमुळे उघडी पडलेली असते.

दोषाचा शोध धुरापासून सुरू करावा. एक जण सेल्फ मारत असताना दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे, थोडे अंतर ठेवून, पाहत राहावे. इंजिन फिरत आहे, सुरू होत नाही, आणि तरीही पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येत आहे, तर इंधन सिलिंडरमध्ये पोहोचत आहे पण पेटत नाही. दोष बहुधा उष्णतेच्या बाजूला आहे. धूर मुळीच येत नसेल, तर इंधनच पोहोचत नाही, आणि हीटर प्लग (सेल्फपूर्वी ज्वलनकक्ष तापवणाऱ्या विजेच्या कांड्या) कितीही चांगले असले तरी गाडी सुरू होणार नाही. या एका निरीक्षणाने निम्म्या शक्यता बाद होतात आणि त्यासाठी एकही अवजार लागत नाही. इंजिन सुरू झाल्यावर निघणारी पाण्याची वाफ मात्र वेगळी ओळखावी लागते: ती झोंबत नाही आणि हवेत लगेच विरते. तशी वाफ इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे (सिलिंडर आणि त्यांवरील हेड यांमधील सीलकडे) लक्ष द्यावे.

पांढरा धूर दिसला की बहुतेक जण थेट हीटर प्लगकडे वळतात. त्याआधी बॅटरीकडे पाहावे असे माझे मत आहे, कारण कमजोर बॅटरी दुहेरी नुकसान करते. इंजिन सावकाश फिरले की दाबलेल्या हवेला थंड होण्यास जास्त वेळ मिळतो. शिवाय व्होल्टेज घसरल्याने हीटर प्लगही कमी तापतात. विद्युत शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे रोध तोच धरला तर १२ ऐवजी ९ व्होल्ट मिळाल्यावर प्लगची शक्ती ५६ टक्क्यांवर येते. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, पण हा आकडा पुरेसा नाही. सेल्फ मारताना मीटर लावून पाहावे, आणि आकडा ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा सेल्फ यांची तपासणी आधी करावी. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंतचा फरकही सेल्फ मारतानाच मोजावा. तो ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक असेल, तर अर्थिंगची तार किंवा तिचा गंजलेला जोड वीज खात आहे. थंडीत घट्ट होणारे इंजिन ऑइलही वेग कमी करते, आणि बाटलीवरील ‘डब्ल्यू’ अक्षराआधीचा अंक जितका लहान, तितके ते थंडीत सहज वाहते.

हीटर प्लगविषयी सर्वांत मोठा गैरसमज डॅशबोर्डवरील दिव्यामुळे होतो. अनेक जुन्या गाड्यांत तो दिवा ठरावीक वेळाने विझतो, इतकेच. प्लग खरोखर तापले की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून आधी किल्ली फिरवून प्लग जोडणाऱ्या पट्टीपर्यंत वीज येते का ते पाहावे. ती येत नसेल तर दोष रिलेत, फ्यूजमध्ये किंवा तारेत आहे आणि प्लग निर्दोष असू शकतात. वीज येत असेल तर पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रोध स्वतंत्रपणे मोजावा. चांगल्या प्लगचा रोध बहुधा एक-दोन ओहमच्या आत असतो आणि जळालेल्या प्लगमधून वीज मुळीच वाहत नाही. चारपैकी एकच प्लग जळाला असेल, तर उरलेले तीन सिलिंडर इंजिन पेटवतात, पण चौथ्यातील न जळालेले इंधन पांढरा धूर होऊन बाहेर पडते आणि तो सिलिंडर तापेपर्यंत इंजिन हादरत राहते. सुरुवातीस वर्णिलेले चित्र बहुतेक वेळा हेच असते. प्लग बाहेर काढून थेट बॅटरीवर तापवून पाहण्याची पद्धत आहे, परंतु काही प्लग १२ व्होल्टपेक्षा कमी व्होल्टेजसाठी बनवलेले असतात आणि ते क्षणात जळतात, म्हणून त्यावरील आकडा आधी वाचावा. वर्षानुवर्षे न हललेला प्लग जोर लावून काढताना हेडमध्येच तुटू शकतो. गंज सैल करणारे तेल आदल्या दिवशी सोडून, इंजिन कोमट असताना, सावकाश तो काढणे हिताचे ठरते.

मीटर हाताशी नसेल, तरीही दोन सकाळी मिळून दोष कोणत्या बाजूला आहे हे बऱ्याच अंशी ठरवता येते. पहिल्या सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी हीटर लागोपाठ दोन-तीन वेळा तापवावा आणि बाकी काहीही बदलू नये. दुसऱ्या सकाळी हीटर नेहमीसारखा एकदाच तापवावा, पण त्याआधी फिल्टरवरील हातपंप तो कडक लागेपर्यंत दाबावा. पहिल्या उपायाने गाडी चटकन सुरू झाली तर उष्णता कमी पडत आहे. दुसऱ्याने झाली तर रात्रीतून इंधनाच्या नळीत हवा शिरत आहे. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी केल्या तर गाडी सुरू होईल, पण काहीच कळणार नाही.

हवा शिरण्याचा दोष फसवा असतो. टाकीपासून इंधनपंपापर्यंतची नळी ओढीखाली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाखाली असते; त्यामुळे तिला सूक्ष्म चीर गेली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि ओलसर डाग कोठेच दिसत नाही. गाडी उभी राहिली की डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते, आणि सकाळी पंपाला आधी हवा ओढून संपवावी लागते. फिल्टरची रबरी कडी, हातपंपाची झडप, नोझलांना (इंधन फवारणाऱ्या तोट्यांना) जोडणारे बारीक रिटर्न पाइप आणि पंपाच्या जुन्या, कडक झालेल्या सील या संशयाच्या जागा आहेत. पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा बसवला, तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. गाडी रात्रभर उतारावर, तोंड खाली करून उभी ठेवली आणि सकाळी ती सहज सुरू झाली, तर हा संशय पुष्कळच बळावतो, कारण तेव्हा टाकी पंपापेक्षा वर असते. धूर नाही आणि हवाही नाही, तर पंपावरील स्टॉप सोलेनॉइडला (इंधन सोडणाऱ्या-थांबवणाऱ्या विजेच्या झडपेला) वीज मिळते का, किल्ली फिरवताच त्याची ‘टक’ ऐकू येते का, हे पाहावे. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेणासारखे घटक गोठून फिल्टर तुंबतो. तेथे हिवाळी डिझेल हाच खरा उपाय आहे.

पुष्कळ जुन्या पंपांवर इंजिन थंड असताना इंधन थोडे आधी सोडणारी यंत्रणा असते. तिची तार सुटलेली किंवा तरफ अडकलेली असणे ही नेहमी आढळणारी, पण क्वचितच तपासली जाणारी गोष्ट आहे. नोझल धुक्यासारखे फवारण्याऐवजी ठिबकत असेल, तर मोठे थेंब थंड हवेत पेटत नाहीत. मात्र ही तपासणी जाणकाराच्या बाकावरच व्हावी. शंभराहून अधिक बार दाबाचा तो फवारा कातडी भेदून शरीरात शिरतो, आणि वरून किरकोळ दिसणारी ती जखम तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारून गाडी सुरू करण्याची सवयही मला धोक्याची वाटते. ईथर डिझेलपेक्षा कमी तापमानाला पेटते. हीटर प्लग लाल असताना ते आत गेले, तर दट्ट्या वर पोहोचण्याआधीच स्फोट होऊन रिंगा तुटू शकतात.

हे सारे ठीक असूनही पांढरा धूर राहिला, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) मोजावे. निरोगी जुन्या डिझेल इंजिनात ते साधारण २५ ते ३५ बार असते. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत मिळते, आणि सिलिंडरांतील आपसांतला फरकही तितकाच महत्त्वाचा असतो. पेट्रोल इंजिनात करतात तशी सिलिंडरमध्ये ऑइल घालून फेरमोजणी येथे फसवते, कारण डिझेलचा ज्वलनकक्ष इतका लहान असतो की थोड्या ऑइलनेही त्याची जागा व्यापली जाऊन आकडा खोटाच वाढतो. त्याऐवजी दट्ट्या वरच्या टोकाला आणून, दोन्ही झडपा बंद असताना, हीटर प्लगच्या छिद्रातून दाबलेली हवा सोडावी आणि ऐकावे. एअर फिल्टरकडून सुस्कारा आला तर आत घेणारी झडप गळते, सायलेन्सरकडून आला तर बाहेर सोडणारी, ऑइल भरण्याच्या तोंडाशी आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट. झडप गळताना आढळली तर हेड उघडण्यापूर्वी टॅपेटची फट (झडप आणि तिला दाबणारा भाग यांमधील मोकळी जागा) मोजावी, कारण झडपेची बैठक झिजत जाते तशी ही फट कमी होते, झडप पुरती मिटत नाही, आणि अशा वेळी टॅपेट नीट लावल्यानेही गेलेले कॉम्प्रेशन परत येऊ शकते.