रबरी मॅट अंथरली म्हणजे मुलांची खेळायची बाग सुरक्षित झाली?

सोसायटीच्या बैठकांमध्ये हे वाक्य ठरलेलं असतं. ते अर्धवट खरं आहे. रबराच्या लादीची चाचणी होते ती डोक्याला बसणाऱ्या आघाताची, तीही ठरावीक उंचीपर्यंत. हात टेकून पडलेल्या मुलाचं मनगट मोडणार नाही, याची हमी त्यात नसते. म्हणून लादी घेताना रंग नंतर. ‘किती उंचीवरून पडण्यासाठी तपासली?’ हे आधी विचारा. दोन मीटरच्या शिडीखाली काँक्रीटवर चिकटवलेली पातळ मॅट म्हणजे निव्वळ शोभा. शिवाय मे महिन्यात दुपारी ती अनवाणी पायांना चटके देते.

वाळू जुनाट वाटते, पण युरोपीय मानकानुसार २ मीटरपर्यंतच्या उंचीवरून पडण्यासाठी २० सेंमी थर पुरतो. पायांनी उडणारी धरून आणखी १० सेंमी. दाणे ०.२ ते २ मिमीचे, धुतलेले हवेत. माती किंवा दगडाची भुकटी मिसळली की पावसानंतर थर दगडासारखा घट्ट बसतो. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी खड्डा पडतो, तिथे खुणेची सळई खुपसून खोली मोजा आणि वाळू ओढून घ्या.