बादली वाजली की पान्हा, साखळी वाजली की शेपूट

ज्यांच्या गोठ्यात म्हैस होती त्यांना हे सांगायला नको. पहाटे बादली वाजली, आंबोणाचं घमेलं पुढं आलं, रोजचा हात कासेला लागला की म्हैस पान्हा सोडते. धार काढणारं माणूस लग्नाला परगावी गेलं आणि भलतंच कुणी खाली बसलं, तर तीच म्हैस पान्हा चोरते. आपण म्हणतो, हट्टी आहे. खरं तर यात तिच्या हातात फार काही नसतं. म्हशीचं बहुतेक दूध कासेतल्या बारीक पिशव्यांमध्ये असतं. ते खाली उतरायला मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात यावं लागतं, आणि ते येतं ओळखीच्या आवाजांवर, ओळखीच्या क्रमानं. अनोळखी माणूस दिसला, आरडाओरडा झाला की भीती-ताणाचं संप्रेरक ॲड्रेनलिन वाढतं आणि दूध वरच अडतं.

म्हशीच्या वेळा घड्याळासारख्या पाळणारे आपण मराठवाड्यातले लोक कुत्र्याच्या बाबतीत मात्र सैल. गच्चीवर लॅब्राडोर बांधलेला, उरली तेव्हा भाकरी, आठवलं तेव्हा फेरी. आणि वर तक्रार की दिवसभर भुंकतो, चपला फाडतो.

प्रत्येक सस्तन प्राण्याच्या मेंदूत चेतापेशींचा एक छोटासा पुंजका असतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्रीचं घड्याळ लावतो. हे घड्याळ पेशीच्या आत जनुकांवर कसं चालतं, ते फळमाशीत शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पण यकृताला, आतड्यालाही आपापली घड्याळं असतात, आणि ती उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेवर जास्त लागतात. रोज सातला जेवणारं कुत्रं पावणेसातलाच ताटलीपाशी येऊन बसतं, ते जेवणावर लागलेल्या अशाच घड्याळामुळं. पोटात अन्न गेलं की मोठं आतडंही हलू लागतं. म्हणून जेवण ठरलेल्या वेळी असेल तर शी-शूही बऱ्यापैकी ठरलेल्या वेळी होते. पिल्लाला घराबाहेर जायची सवय लावताना मारझोड करणाऱ्यांनी आधी त्याच्या जेवणाच्या वेळा बघाव्यात.

मांजर स्वतंत्र स्वभावाचं, त्याला कशाला हवी शिस्त, असं वाटतं ना? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ३२ मांजरांवर ७७ आठवडे लक्ष ठेवलं गेलं. त्यातली २० मांजरं मूत्राशयाच्या जुन्या दुखण्याची, १२ निरोगी. खाण्याची वेळ बदलली, सांभाळणारं माणूस बदललं की निरोगी मांजरंही ओकू लागली, खाणं टाकू लागली, ठरलेली जागा सोडून घाण करू लागली. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजर भलतीकडे घाण करतं तेव्हा ते सूड घेत नसतं, एवढं यातून नक्की कळतं.

आता व्यायाम. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला-सुटला की भोवतीचं वंगण तिच्यात आत-बाहेर होतं आणि त्यातूनच तिला पोषण मिळतं. साखळीला बांधलेल्या जनावराचा सांधा म्हणजे अर्धा उपाशी सांधा. त्यात वजनाची भर. लॅब्राडोरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून एकाला नेहमीइतकं, दुसऱ्याला २५ टक्के कमी खायला घातलं, तेव्हा कमी खाणारे साधारण १.८ वर्षं जास्त जगले. हा प्रयोग खाण्याचा होता, चालण्याचा नव्हे. पण दोन्हींचा हिशेब शेवटी अंगावरच्या चरबीतच लागतो.

आपल्याकडचा खरा प्रश्न उन्हाचा आहे. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. थोडाफार येतो तो पंजांना. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. त्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ सेल्सिअसला टेकतो, डांबर त्याहून कितीतरी तापतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. उन्हाळ्यात फेरी पहाटे, नाहीतर रात्री रस्ता निवल्यावर. हस्की, सेंट बर्नार्ड इथं आणून पाळणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही. लातूरकडची कारवानी, पश्मी कुत्री याच मातीतली. लांब पाय, खोल छाती. मोकळ्या रानात एक जोरदार धाव आणि मग तासन्‌तास लोळण. त्यांना गल्लीतली तासभराची रेंगाळ नको असते, धाव हवी असते. फक्त जेवल्याबरोबर पळवू नका, असं डॉक्टर सांगतात.

हे सगळं मिनिटाच्या काट्यावर जमणार कसं? नळ कधी येईल सांगता येत नाही, लाइट जाते, पाहुणे येतात. पण कुत्र्याला भिंतीवरचं घड्याळ वाचता येत नाही. उजेड आणि भूक जमेस धरली तर उरतो तो खुणांचा क्रम. वेळ अर्धा तास पुढं-मागं झाली तर चालतं, क्रम मोडला की ते गोंधळतं.

माझ्या लातूरच्या बहिणीकडं हे पाहिलंय. भाचा पहाटे पाचला उठायचा, काळूला फिरवून क्लासला जायचा. तो पुण्याला शिकायला गेला आणि काळूनं जेवण टाकलं, रात्री विव्हळायला लागला. दाजींनी तोच क्रम धरला. आधी चपला, मग खुंटीवरची साखळी, मग फाटकाचं कुलूप. आठवडाभर काळू कंटाळल्यासारखा मागं मागं चालला. आता साखळी वाजली की दाजींच्या आधी फाटकाशी उभा असतो. रविवारीसुद्धा. दाजी वैतागतात.